अकरा वर्षांच्या नातीला जादूचं छोटं संग्रहालय दाखवावं का?

काका, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा मुलगा पॅरिसला नोकरीला आहे. थोरल्याची मुलगी, वय वर्षं अकरा, तिला घेऊन तुम्ही उभयता दसऱ्याच्या सुट्टीत तिकडे जाणार आहात. मोबाईलवर बघून ती पत्त्यांचे चार खेळ शिकली आहे आणि बेळगावच्या टिळकवाडीतल्या तुमच्या घरी येईल त्याला बसवून करून दाखवते. पॅरिसमध्ये जादूच्या इतिहासाचं एक लहान संग्रहालय आहे, असं तुमच्या कानावर आलं. एकानं सांगितलं की ते तासाभरात संपतं, त्यापेक्षा दुसरं काही बघा. दुसऱ्यानं सांगितलं की तिथे जादूची साधनं मांडून ठेवलेली असतात, गुपितं कळली की पोरीचा रस उडेल. त्यात सगळा कारभार फ्रेंचमध्ये. तेव्हा जावं का, आणि गेलं तर बघायचं काय?

जावं, हे माझं उत्तर. मी बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात जादूचे प्रयोग करत आले आहे. आधी वडिलांच्या प्रयोगात पेटीच्या आत असायचे, नंतर स्वतः रंगमंचावर उभी राहिले. तुम्ही म्हणता ते संग्रहालय मी पाहिलेलं आहे. पण नुसतं जाऊन उपयोग नाही. तिथल्या वस्तू स्वतःहून फार कमी बोलतात. मुलीला काय शोधायचं ते ठाऊक असेल तर ती दुपार तिच्या लक्षात राहील, नसेल तर तुमचे ते पहिले स्नेही म्हणतात तसं तासाभरात संपेल.

आधी एक गोष्ट पारखून घ्या. मुलीला चकित व्हायला आवडतं की चकित करायला? माझ्या प्रयोगाला पुढच्या रांगेत ही दोन्ही प्रकारची मुलं बसलेली असतात. एक मूल रुमालातून फूल निघालं की टाळ्या वाजवतं आणि पुढच्या खेळाची वाट बघतं. दुसरं मूल टाळ्या वाजवत नाही, कारण त्याचं लक्ष माझ्या रिकाम्या हाताकडे असतं. कार्यक्रम आटोपून मंडळाची पोरं सतरंज्या गुंडाळायला लागली की हे दुसरं मूल टेबलापाशी येऊन घुटमळतं. पहिल्या मुलाला संग्रहालयापेक्षा एखादा चांगला प्रयोग दाखवणं बरं. दुसऱ्याला मात्र संग्रहालयात न्यायलाच हवं. तुमच्या वर्णनावरून नात दुसऱ्या गटातली वाटते, तरी तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

आता जागेविषयी. पॅरिसच्या मारे भागात रू सँ-पॉल नावाच्या रस्त्यावर ११ क्रमांकाच्या घराखाली हे संग्रहालय आहे. १९९३ साली ते सुरू झालं. घराखाली म्हणजे खरोखरच जमिनीखाली, सोळाव्या शतकातल्या दगडी कमानींच्या तळघरांत. जिना उतरून जावं लागतं, तेव्हा काकूंच्या गुडघ्यांचा विचार आधी करा. आत जुन्या पेट्या, आरसे, दृष्टिभ्रमाची साधनं, छड्या, भित्तिपत्रकं आणि चावीवर चालणाऱ्या यांत्रिक बाहुल्या आहेत. तिकिटातच एक छोटा प्रत्यक्ष प्रयोगही असतो. वाराचं नीट बघा. एरवी ते बुधवार, शनिवार आणि रविवार असं दुपारीच उघडं असतं, आणि तिथल्या शाळांना सुट्टी असली की रोज. फ्रान्समधली शरदातली सुट्टी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होते. आपल्या कर्नाटकातल्या शाळांची दसऱ्याची सुट्टी बहुतेक वेळा तोवर संपत आलेली असते. शिनोळीच्या पलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात राहत असता तर दिवाळीची सुट्टी मिळून हे आपोआप जमलं असतं. तुम्हाला मात्र त्या तीन वारांपैकी एक दुपार राखून ठेवावी लागेल. तारखा दरवर्षी हलतात, निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा बघून घ्या.

लहान आहे हे खरं आहे. पण जादूचं संग्रहालय मोठं असणं अवघडच. या कलेच्या वस्तू मुळात टिकत नाहीत. गावोगाव फिरून पेट्या खिळखिळ्या होतात, जादूगार गेला की घरच्यांना त्या अडगळ वाटतात, आणि गुपित फुटू नये म्हणून मुद्दाम मोडून टाकलेल्याही असतात. आगीत गेलेल्या किती तरी. अॅडिलेड हर्मन ही अमेरिकेतली फार मोठी जादूगार. १८९६ साली नवरा वारल्यावर तिनं तोच व्यवसाय स्वतःच्या नावावर पुढे अनेक वर्षं चालवला. १९२६ साली न्यूयॉर्कमधल्या गोदामाला आग लागून तिची साधनं आणि प्रयोगातले बरेच प्राणी जळून गेले. म्हणून तळघरातल्या त्या चार-सहा दालनांत जे उरलंय ते वाचलेलं आहे, या नजरेनं बघा.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. पेटी काचेमागे किंवा दोरीपलीकडे ठेवली की ती निव्वळ लाकूड होते. आम्ही जे करतो त्यातला मोठा भाग पेटीत नसतोच, तो पेटीतल्या माणसात असतो. वडिलांच्या पेटीसाठी खानापूर भागातल्या सागाच्या फळ्या आणलेल्या होत्या आणि ती पेटी सुतारानं माझं माप घेऊन केली होती. आत शिरायच्या आधी बांगड्या उतरवायच्या, वेणी आवळून वर बांधायची, पैंजण तर घरीच. बाहेर वडील बोलत असायचे. लोकांना ते बोलणं करमणुकीचं वाटायचं. मला मात्र त्यातला एकेक शब्द म्हणजे इशारा असायचा: आता हल, आता थांब, आता श्वास धर. मी उंच होत गेले तशी पेटी दोनदा मोडून नव्यानं करावी लागली, कारण दुसऱ्या कुणाच्या मापाची पेटी मला चालत नव्हती. कुठल्या कप्प्यात काय व्हायचं ते लिहीत नाही. हे खेळ अजून चालू आहेत आणि त्यावर लोकांची पोटं आहेत.

म्हणून नातीला पहिली गोष्ट सांगा: कुठलीही पेटी, टेबल किंवा कपाट दिसलं की 'यात माणूस असेल तर तो केवढा असेल, कसा बसला असेल, त्याला बाहेरचं काय ऐकू येत असेल' हा विचार करायचा. समोरून बघून झालं की शक्य तिथे बाजूला जाऊन बघायचं, मग खाली वाकून. प्रेक्षकांना ती वस्तू एकाच दिशेनं दिसायची आणि तिची सगळी रचना त्या एका दिशेसाठी केलेली असते. अकरा वर्षांची मुलगी जमिनीलगत बसून बघू शकते, हा तिचा मोठाच फायदा. मी दारातून आत गेले की आधी पेट्यांची मापं बघते. पाटी नंतर.

युरोपातल्या यंत्रांच्या इतिहासात याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे बुद्धिबळ खेळणारा 'तुर्क'. केंपेलेन नावाच्या माणसानं १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात तो दाखवला. मोठ्या पेटीमागे पगडी घातलेला पुतळा, समोर पट, आणि तो माणसांशी खेळून बहुतेक डाव जिंकायचा. नेपोलियनही त्याच्याशी खेळला. पेटीची दारं उघडून आतली चक्रं दाखवायचे, तरी आत एक कसलेला बुद्धिबळपटू दडलेला असायचा. १८५४ साली फिलाडेल्फियाच्या आगीत तो जळाला, त्यामुळे अस्सल तुर्क आता कुठल्याच संग्रहालयात भेटणार नाही. यंत्राचं नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. मेणबत्तीच्या उजेडात आत बसून डाव खेळणाऱ्यांची नावं अभ्यासक सोडले तर कुणाच्या ओठांवर नसतात. मला ही गोष्ट मनापासून महत्त्वाची वाटते, आणि ती मुलीला तिथे जायच्या आधी घरी सांगितलेली बरी.

आता गुपिताचा प्रश्न. तुमच्या दुसऱ्या स्नेह्यांचं म्हणणं नवं नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्यानं एका पत्रात वाट्या आणि खड्यांच्या खेळाचा उल्लेख करून हेच लिहिलं आहे. फसवणुकीतच मौज आहे, युक्ती कळली की माझा रस संपतो, असा त्याचा आशय. प्रेक्षक म्हणून त्याचं बरोबर आहे. पण खेळ करणाऱ्याचं नेमकं उलट असतं. वाट्यांच्या खेळाचं तंत्र मला लहानपणी एका संध्याकाळी कळलं. हात त्याप्रमाणे चालायला मात्र वर्षं गेली, आणि त्या वर्षांत रस वाढतच गेला. कारण 'कसं' कळल्यावर 'केव्हा' हा प्रश्न उरतो. गोळी नेमकी केव्हा सरकवायची, बोलणं केव्हा थांबवायचं, नजर केव्हा वर न्यायची, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. तुमच्या नातीला चार खेळांची गुपितं आजच माहीत आहेत, तरी ती पाहुण्यांना बसवतेच ना? मग पाचवं गुपित कळून काय बिघडणार आहे?

शिवाय तिथे कळण्यासारखी जी गुपितं आहेत ती बहुतेक जुनी आणि पुस्तकांत छापलेली आहेत. त्यांतलं एक मी इथेही लिहू शकते, कारण ते शाळांच्या विज्ञान प्रदर्शनातही दाखवतात. १८६२ साली लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रोफेसर पेपर यांनी रंगमंचावर भूत आणलं. रंगमंचावर तिरकी मोठी काच, खाली दडवलेला नट, त्याच्यावर झगझगीत उजेड. प्रेक्षकांना काच दिसत नाही, नटाचं प्रतिबिंब तेवढं हवेत दिसतं. रात्रीच्या एसटीत खिडकीजवळ बसलं की बाहेरच्या अंधारात आपलाच चेहरा तरंगतो, तेच हे. लोंढ्याला जाताना नातीला एकदा हे दाखवा आणि मगच पॅरिसच्या तळघरातल्या आरशांपुढे उभं करा. उजेड कमी-जास्त केला की दिसणं कसं बदलतं, ते ती तुम्हाला समजावून सांगेल.

इथवरचं एकदा बांधून घेते: मूल दुसऱ्या गटातलं असेल तर जा, वस्तूंत माणूस शोधायला लावा, गुपितांची भीती सोडा.

आता ज्या भागावर मला थोडं थांबायचं आहे तो. फ्रान्समध्ये जादूचा विषय निघाला की रोबेर-हूदँ हे नाव येतंच. जन्म १८०५, गाव ब्लुआ, धंद्यानं घड्याळजी. १८४५ साली त्यानं पॅरिसमध्ये स्वतःचं छोटं नाट्यगृह काढलं. लांब झगा आणि टोकदार टोपी न घालता तो सभ्य गृहस्थाच्या संध्याकाळच्या पोशाखात उभा राहायचा. त्याचं संत्र्याचं झाड प्रेक्षकांसमोर फुलायचं आणि फळायचं. अमेरिकेत वाढलेल्या एरिक वाइसनं पुढे त्याच्याच नावावरून स्वतःचं नाव हूदिनी घेतलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या हातांनी हे सगळं केलं, ही गोष्ट मुलांना आवडते. यांत्रिक बाहुल्यांच्या दालनात ती सांगा.

पण त्याच्या दोन गोष्टी आपण भारतीयांनी आपल्या बाजूनेही वाचाव्यात. पहिली: १८४७ साली त्यानं आपल्या मुलाला एका काठीवर कोपर टेकवून आडवं तरंगत ठेवलं. तेव्हा ईथरनं बेशुद्ध करण्याचा शोध ताजा होता, म्हणून ईथरमुळे मुलगा हलका होतो असं तो सांगे आणि नाट्यगृहात ईथरचा वास दरवळेल अशी व्यवस्थाही करी. आता मागे जा. १८३० च्या सुमारास मद्रासेत शेषाल नावाचा एक ब्राह्मण एका काठीवर हात टेकवून जमिनीपासून उंच, मांडी घालून बसलेला लोकांनी पाहिला होता. त्याची वर्णनं आणि चित्रं युरोपातल्या मासिकांत छापून आली. काठीवर टेकून तरंगण्याची कल्पना तिथून गेली असावी, असं या विषयाचे अभ्यासक मानतात. पॅरिसच्या तळघरात तरंगत्या माणसाचं चित्र दिसलं तर नातीला मद्रासची आठवण करून द्या.

दुसरी गोष्ट १८५६ सालची. अल्जीरियात फ्रेंचांची सत्ता होती आणि तिथल्या साधूंच्या चमत्कारांमुळे लोक बंडाला उठतील अशी सरकारला भीती होती. सरकारनं रोबेर-हूदँला तिकडे पाठवलं. त्यानं एक लहान पेटी ठेवली, ती मुलालाही उचलता येईल अशी. मग एका दणकट गड्याला बोलावून 'मी तुझी ताकद काढून घेतो' असं सांगितलं, आणि त्याला ती पेटी हलवताच येईना. खाली विद्युतचुंबक होता. युक्ती सुंदर आहे, तिचा वापर मात्र राज्यकर्त्यांची दहशत बसवण्यासाठी झाला. हे मला पटत नाही आणि मुलांना ते तसंच सांगावं असं माझं मत आहे. आपल्याकडेही हातातून अंगारा काढणारे आणि पाण्यावर दिवे पेटवणारे याच कलेचा आधार घेऊन लोकांना लुबाडत आले. माझे वडील प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला आधी मराठीत आणि मग कन्नडात सांगायचे, 'हा हाताचा खेळ आहे, मंत्राचा नाही. इदु कैचळक, मंत्र अल्ल.' नंदगड असो की सौंदत्ती, हे वाक्य चुकलं नाही. महाराष्ट्रात २०१३ साली आणि कर्नाटकात २०१७ साली अशा फसवणुकीविरुद्ध कायदे झाले, तेव्हा काही आयोजकांनी मला विचारलं की ताई, आता तुमचे प्रयोग बंद का? मुळीच नाही. दैवी शक्तीचा दावा करून फसवणं वेगळं आणि फसवणार असं आधी सांगून करमणूक करणं वेगळं. १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रजानं चेटूक मानून बायकांना छळू नये म्हणून पुस्तक लिहिलं आणि त्यात हातचलाखीची तंत्रं उघड केली. गुपित सांगणं कधी कधी असंही कामी येतं.

भिंतीवरची भित्तिपत्रकं बघताना असंच सावध राहा. जुन्या भित्तिपत्रकांत पगडीवाले फकीर, साप आणि दोरी भरपूर दिसतात. ती बहुतांशी त्या लोकांच्या मनातली हिंदुस्थानची चित्रं आहेत. आकाशात ताठ उभी राहणारी दोरी आणि तिच्यावर चढून नाहीसा होणारा मुलगा, ही कथा जगभर पसरवण्यात शिकागोच्या एका वर्तमानपत्राचा मोठा हात होता. १८९० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ती छापली आणि काही महिन्यांनी बातमी रचलेली असल्याचं स्वतःच कबूल केलं. तरी लोक दोरी शोधत हिंदुस्थानात येतच राहिले. आपल्या मदाऱ्यांचे खरे खेळ याहून सरस आहेत. वाट्या-गोळ्या, टोपलीतला मुलगा, रिकामा होऊनही पुन्हा भरणारा लोटा, आणि हे सगळं पडदा नाही, विंग नाही, चहूबाजूंनी माणसं उभी असताना. रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूला असतात. रस्त्यावर बसून खेळ करणं किती अवघड आहे, ते आम्हा रंगमंचावाल्यांना विचारा.

भित्तिपत्रकांवर आणखी एक गोष्ट दिसेल. जादूगार पुरुष आणि कापली जाणारी बाई. ही जोडी फार जुनी नाही. माणूस करवतीनं कापण्याचा खेळ पी. टी. सेल्बिटनं लंडनच्या नाट्यगृहात जानेवारी १९२१ मध्ये दाखवला आणि त्यानंतर पेटीत बाईच असायची अशी रीत पडली. रोबेर-हूदँ तर स्वतःच्या मुलांना घेऊन खेळ करायचा. आपल्याला अभिमान वाटावा असा प्रसंग १९५६ च्या एप्रिलचा. पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या कार्यक्रमात दीप्ती डे या तरुण सहायिकेला विद्युत करवतीनं कापलं. ती हलेना, तेवढ्यात निवेदकानं कार्यक्रम संपल्याचं सांगितलं आणि घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोनांनी बीबीसीच्या लाईनी तुंबल्या. सरकार यांचं नाव झालं ते योग्यच. पण त्या टेबलावर निश्चल पडून राहिलेल्या मुलीचं कौशल्यही माझ्या लेखी तेवढंच मोठं. हलायचं नाही, हे हलण्यापेक्षा कठीण आहे.

नातीला हे सांगायचं कारण असं की जादूगारांच्या मोठ्या मंडळांनीही बायकांना फार उशिरा दार उघडलं. लंडनचं मॅजिक सर्कल १९०५ साली स्थापन झालं, तिथे बायकांना सभासदत्व मिळू लागलं १९९१ मध्ये. त्या आधी सोफी लॉइड नावाच्या बाईनं पुरुषाचा वेश घेऊन परीक्षा दिली आणि ती पासही झाली. खरं कळल्यावर तिला काढून टाकण्यात आलं, आणि २०२५ मध्ये मंडळानं माफी मागून तिला सन्मानानं परत घेतलं. पॅरिसच्या तळघरात बायकांची नावं कमी दिसली, तर त्या नव्हत्या असा समज मुलीनं करून घेऊ नये. अॅडिलेड हर्मनचं नाव तिला लिहून द्या आणि शोधायला सांगा.

भाषेची चिंता तुम्ही जास्तच करताय. आपल्या भागातलं मूल घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी ऐकत वाढतं. समजत नसलेल्या भाषेपुढे ते बिचकत नाही. शिवाय जादूच्या प्रयोगात भाषा न समजण्याचा एक फायदा आहे, जो मला निव्वळ कन्नड किंवा निव्वळ मराठी गावांत प्रयोग करताना कळला. शब्दांनी आम्ही लोकांचं लक्ष वळवतो. शब्द कळले नाहीत की ते वळत नाही, आणि प्रेक्षक हातांकडेच बघत राहतात. अशा गावी मला बोलण्याऐवजी डोळ्यांनी आणि खांद्यांनी काम करावं लागतं. तेव्हा तिथला प्रयोग सुरू झाला की नातीला सांगा: जादूगाराची नजर कुठे जाते तिथे बघू नको, नजर केव्हा वळते ते बघ. ती नजर वळली त्या क्षणी दुसरा हात काय करतो, एवढंच. पुढच्या बाकावर, जरा कडेला बसवा. मोबाईलवर चित्रण करू देऊ नका. तिथे परवानगी असली तरीही नको, कारण पडद्याआडून बघणारं मूल नजर बघत नाही.

मोबाईलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. रिळांमधली बरीचशी जादू ही चित्रणाच्या कापाकापीची आहे, आणि तीही जादूगारांचीच देणगी. जॉर्ज मेलिएस या जादूगारानं १८८८ साली रोबेर-हूदँचं नाट्यगृह विकत घेतलं आणि पुढे चित्रपटात माणसं नाहीशी करू लागला. आपले दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करत, 'प्रोफेसर केळफा' या नावानं. आडनाव उलटं केलंय, नातीला ते स्वतः ओळखू द्या. पडद्यावरचा चमत्कार आणि समोर उभ्या माणसानं, एकही तुकडा न कापता केलेला चमत्कार यांतला फरक तिला त्या तळघरातल्या लहानशा प्रयोगात डोळ्यांनी दिसेल. फक्त तेवढ्यासाठीसुद्धा मी तिला नेलं असतं.

जायच्या आधी तिच्याकडून एक जुना खेळ बसवून घ्या. पत्त्यांचा नको, तीन वाट्या आणि कागदाच्या गोळ्यांचा. घरातल्या स्टीलच्या वाट्या चालतात. पूर्ण जमला पाहिजे असं नाही, पण गल्लीतल्या चारचौघांपुढे करून झालेला असावा. ज्या मुलीनं स्वतः वाटीखाली गोळी लपवली आहे तिला तिथली वाट्यांची मांडणी बघून थांबावंसं वाटेल. जिनं नाही लपवली ती पुढच्या दालनात जाईल.

एक दिवस मोकळा असेल तर ब्लुआलाही जा. पॅरिसहून आगगाडीनं दीड-दोन तास. तिथल्या किल्ल्यासमोर रोबेर-हूदँच्या नावाचं जादूचं संग्रहालय १९९८ पासून आहे. त्याच्या खिडक्यांतून ठरावीक वेळानं सहा डोक्यांचा यांत्रिक ड्रॅगन बाहेर येतो आणि चौकातली पोरंटोरं ओरडायला लागतात. ते वर्षभर रोज उघडं नसतं, त्यामुळे तारीख बघूनच गाडीचं तिकीट काढा. दोन्हींतलं एकच जमणार असेल तर मी पॅरिसचं निवडेन. जागा लहान आहे, माणसं जवळून समजावतात, आणि मुलीला वस्तूंपाशी रेंगाळता येतं.

बाहेर पडताना दुकान लागेल. शंभर खेळांचा प्लास्टिकचा डबा घेऊ नका, त्यातला एकही खेळ धड होत नाही. पत्त्यांचा एक चांगला जोड किंवा धातूच्या तीन वाट्या, यांपैकी एक घ्या. वाट्या घेतल्या तर तिच्या हातात देऊन बघा आणि पंजात सहज मावतील अशाच निवडा, कारण मोठ्या माणसांच्या मापाच्या वाट्या अकरा वर्षांच्या हाताला झेपत नाहीत आणि मग मूल खेळालाच कंटाळतं. पत्ते मात्र नेहमीच्या मापाचे घ्या. लहान मापाच्या पत्त्यांची सवय लागली की दोन वर्षांनी सगळं नव्यानं शिकावं लागतं.